फरखेतन

चोडणच्या धक्क्याला फेरी लागली की
चढणीवरचं तिसरं घर हार्मेनबाबांचं.
मंगळवार, शुक्रवार. सोप्यावर फळा, फळ्याखाली मांजर.
उल्हास रॉटरडॅमला, टगबोटीवर,
आणि त्याच्याकडे जाण्याआधी मला परीक्षा.

भूतकाळी धातुसाधितं, ते म्हणाले, बहुतेक
डोक्यावर 'खे' घालून येतात:
केलेलं, खेदान. पाहिलेलं, खेझीन.
आणि वाक्यात पार शेवटी बसतात,
तुमच्या मराठीसारखी, दाराजवळ, चपला घालून.

फरखेतन म्हणजे विसरलेलं.
त्याला 'खे' नाही.
विसरणं आणि विसरलेलं, दोघांचा चेहरा एकच;
नुसतं बघून कळत नाही
अजून व्हायचंय की होऊन गेलं.

त्या दिवशी मी पाव आणायला विसरले होते.
"तिथे हेप," ते म्हणाले. "हेप म्हणजे माझ्याकडे आहे.
आणायचा होता, आणला नाहीस. चूक तुझ्यापाशी आहे.
पण एखादं नाव, एखादी गल्ली, आईचा आवाज
आपोआप गेला, तर बेन. बेन म्हणजे मी आहे.
मी विसरलेला आहे."

परतताना फेरीच्या कठड्याशी मी ताळा केला:
भात मी केला. पत्र मी लिहिलं.
क्रियापद भाताचं ऐकतं, पत्राचं ऐकतं.
विसरले मात्र मी, पाव असो की नाव.
आमच्याकडे त्यातून सुटका नाही,
विसरणारीचं बाईपणसुद्धा शेपटाला चिकटून येतं.
पलीकडे चिखलात वाकून कोणी खुबे काढत होतं.

जुलैत मांजर उपाशी दिसू लागलं.
फळ्यावर मंगळवारचं वाक्य शुक्रवारी तसंच.
एकदा पावाचे पैसे त्यांनी मला तीनदा दिले,
दोनदा मी परत ठेवले, साखरेच्या डब्याखाली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात
दार उघडून ते बराच वेळ उभे राहिले.
चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं, मग अगदी सावकाश:
इक बेन ये नाम फरखेतन.

नाम. त्यांच्याकडेही नामच.
पण मी ऐकत होते सहायक क्रियापद.
बेन. हेप नाही.
बरोबर, मी म्हटलं, अगदी बरोबर. सुफला.
"खूत, छान," ते म्हणाले, जणू उत्तर मी दिलं होतं,
आणि खडू शोधू लागले.