वानी

फळ्यावर लिहिलं: उपमेय, उपमान,
दोघांतलं साम्य, आणि जोडणारा शब्द.
सम, समान, सारखा, परी, गत, जणू.
मुलांनी उतरवून घेतलं.
वर टिनपत्रे तडतडत होते.

"आसवं खारट असतात. कशासारखी?"
मला हवा होता समुद्र.
पूर्णेच्या या काठावर समुद्र पाहिलेला
आख्ख्या वर्गात कोणी नाही.
मीही नाही, खरं म्हणजे.

मोनाली डाबेराव उभी राहिली.
"डोयातलं पानी हापशीवानी लागते, सर."

हसलो मी एकटाच.
म्हणालो, उलटं झालं गं,
हापशीचं पाणी आसवांसारखं, असं म्हणतात.
आमच्या वर्ध्याकडे विहिरीचं पाणी गोड,
म्हणून सुचत नाही तिकडे हे.
"गोड?" मागचा उमेश म्हणाला,
"साखर टाकता काय, सर?"

तेव्हा कळलं, मीही उपमेतच पाणी पीत आलो.
आणि ही पोर हापशी जन्मापासून चाखते आहे,
रडणं तिला अलीकडचं.
ओळखीच्यावरून अनोळखी सांगायचं,
सकाळपासून दुसरं काय शिकवत होतो मी?

मग रूपक घेतलं.
इथं जोडशब्द गळतो, म्हणालो.
मुख कमळासारखं नाही,
मुख हेच कमळ. मधे फट नाही.

तिनं पुन्हा हात वर केला.
"अकोल्याच्या डाक्टरनं म्हनलं,
बाबाच्या किडनीची चायनी झाली.
हे कोनतं, सर?"

उत्तर सोपं होतं. दोन गुणांचं.
खडू बोटांत फिरवत राहिलो.
"नीट आठव. चाळणी झाली म्हणाले,
की चाळणीसारखी?"

ती आठवत राहिली.
वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत,
सोडत, पुन्हा करत.
"वानी तं नाई म्हनलं त्यायनं," ती म्हणाली,
"पन ते शहरातले हायेत.
त्यायले वानी येत नसन."

"नसेल येत," मी म्हणालो.

यादीत जणूच्या खाली
वीतभर फळा मोकळा होता.
तिथं लिहिलं, जरा ठळक: वानी.

"पेपरात चालन काय, सर?" उमेशनं विचारलं.
चालेल, म्हणालो.
तपासणारा कुठल्या गावचं पाणी प्यालेला असेल
ते मला कुठं ठाऊक होतं.