आकडा

रोज सकाळी सातला माझं पहिलं काम:
गेटजवळच्या फळ्यावरचा कालचा आकडा पुसायचा
आणि एकानं वाढवून लिहायचा.
अपघाताविना गेलेले दिवस, दोनशे एकेचाळीस.
ओलं फडकं, खडू, मनगटापर्यंत पांढरी भुकटी.
कुपवाडच्या या फाउंड्रीत लागले तेव्हा
हात बघून आईला वाटायचं,
पोरगी शाळेत शिकवते.

माझ्याकडे एक जाड रजिस्टर आहे.
त्यात रकाने: बोट, मनगट, डोळा, पाठ.
भाजलं, चेंगरलं, घसरून पडला.
टाके किती, रजा किती.
नदाफचा अंगठा पान बासष्टवर आहे, निळ्या शाईत.

शिरगुप्पे अण्णा क्वालिटीत, सव्वीस वर्षं.
समडोळीहून यायचे. शनिवारी डबाभर भडंग,
आधी हेल्परांना, उरलं तर ऑफिसात.
कास्टिंगवर हातोडीचा एक ठोका मारून सांगायचे,
हे खणखणीत. हे बद्द.
बद्द वाजलं की आत पोकळी,
वरून कितीही गुळगुळीत असू दे.
तपासायचं मशीन आलं, तरी मशीनवाला
हळूच त्यांना विचारून जायचा.

नऊच्या मीटिंगला नवे साहेब त्यांना उभं करायचे.
टेबलावर कालचे रिजेक्ट पीस.
"वाचा आकडा. मोठ्यानं. मागं ऐकू जात नाही."
संध्याकाळी पुन्हा तेच,
आणि ते मावळतीपलीकडे लांबलं
की अण्णांचा डबा तसाच समडोळीला परत.
दिवस मावळल्यावर ते जेवत नाहीत
हे साहेबांना माहीत नव्हतं.
आम्हाला होतं.

आम्ही चौदा जण. चौदा जण मान खाली घालून
वह्यांत काहीतरी लिहायचो.
मी काय लिहायचे ते नंतर उघडून बघितलं:
चौकोन. चौकोनाच्या आत चौकोन.

एका मंगळवारी अण्णांनी पंच केलं
आणि परत पार्किंगला गेले.
लिंबाखाली गाडी स्टँडवर, वर अण्णा,
डोक्यात हेल्मेट.
साडेसात. आठ. पावणेनऊ.
"अण्णा, बरं नाही का?"
"काय न्हाई ओ आवटीबाई, जरा बसलोय."
काच आतून धुकटली होती.
हनुवटीखालचा पट्टा घट्ट, नियमाप्रमाणं.
सुरक्षा सप्ताहात तो लावायला मीच शिकवलेलं.
टाळ्या पडल्या होत्या.

मला माणसावर ठोका मारून ऐकता येत नाही.
शेजारच्या गाडीला टेकून उभी राहिले.
नऊचा भोंगा झाला.
दोघंही हललो नाही.

दुपारी रजिस्टर उघडलं.
'इतर'मध्ये बोटभर जागा,
तीत गेल्या उन्हाळ्यातली गांधीलमाशी.
तिच्याखाली लिहिलं:
ठिकाण, मीटिंग हॉल. वेळ, रोज नऊ.
इजा,
इथे पेन थांबलं.
साक्षीदार, चौदा.
खोडून तेरा केलं.
मग परत चौदा.

बुधवारी आकडा बदलला नाही. गुरुवारीही नाही.
साहेबांची गाडी चारदा फळ्यापुढून गेली.
शुक्रवारी वॉचमन कोळेकर म्हणाला,
"बाई, कॅलेंडर बंद पडलं का तुमचं?"
म्हटलं, अपघात झालाय.
"कुणाचा ओ?"
मी लिंबाकडे बघितलं.
गाडीच्या जागी तेलाचा डाग, त्यावर निंबोळ्या.

कोळेकर बराच वेळ तंबाखू चोळत राहिला.
"मागल्या कंपनीत मीबी बसायचो,
संडासात, कडी लावून.
बाहेरनं नळ चालू ठिवायचो.
जागा असंल तर लिवा मलाबी."

फडकं वाळून कडक झालंय.
नऊला दहा कमी.
वही आज टेबलावरच ठेवली आहे.
हातात काही नसलं
की हात एवढे थरथरतात,
हे मला माहीत नव्हतं.