भार

मैलामागे आता काही पेन्स द्यावे लागणार म्हणे
आम्हां विजेवाल्यांना.
पत्र गाडीतच राहिलंय, सीटवर,
आणि मी ग्रासिंग्टनच्या वर, शेवटच्या घरात,
एर्नेस्ट मेटकाफच्या पायांशी बसलेय.

एक्याण्णव वर्षांचे पाय. टबात, कोमट पाण्यात.
अंगठ्याचं नख मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं,
करंगळीखाली घट्टा.
"या घट्ट्यावर उभा राहून तुझा रस्ता केलाय, पोरी.
त्रेसष्टच्या बर्फानं उखडला होता सगळा.
सात जण होतो. डांबर, फावडी, आणि वर ऊन."

नखं भिजेस्तोवर मला वेळ असतो, म्हणून कुरकुरते.
धूर सोडू नका म्हणाले, नाही सोडला.
कर्ज काढून गाडी घेतली.
आधी शाबासकी, मागून बिल.
पेट्रोलमधला कर भाजीतल्या मिठासारखा होता,
खाणाऱ्यानं कधी विचारलं नाही किती घातलंय.
आता तेच मीठ वाटीत,
आणि घासागणिक मोजून.

तो हसतो. टबातलं पाणी हिंदकळतं.
"वजन किती गं तुझ्या गाडीचं?"
जवळजवळ दोन टन.
"धूर नाही, ठीक. पण वजन आहे ना?"

गप्प बसते.
वीस वर्षं मीच सांगत आलेय घरोघरी,
भार पडतो तिथली कातडी आधी जाड होते,
मग फुटते.

पण खाणीचे डंपर? दुधाचे टँकर?
"त्यांच्याकडूनही घ्या की."
आणि लीड्समध्ये बस आहे, आजोबा,
इथे दिवसाला दोन, त्यातली एक येत नाही.
मी आले नाही तर ही नखं कोण कापणार?
हे मैल माझे नाहीतच,
या दरीतल्या पायांचे आहेत.

तो विचार करतो. खरंच करतो,
भुवया खाली ओढून.
"मग माझ्या बिलात लाव.
पायाला दीड पेनी."

लावत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करते,
मोजे चढवते, डावा आधी, त्याला तसंच लागतं.

उतरताना दगडी भिंतीच्या वळणावर
तो खड्डा. नेहमीचा.
चाक आपटतं, पेटीतल्या कात्र्या खणखणतात,
तोंडात शिवी येते, अस्सल कोल्हापुरी.
दोन टन, आठवतं.
पुढच्या खड्ड्याला
थोडं हळू घेते.