रात्रपाळी

अक्राला तीन दिवस नेतृत्वाचं शिबिर झालं.
गारठलेलं दालन, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या,
आणि गरुडाचं एक चित्र, ज्याच्याकडे बघत
आम्ही अकरा ग्रंथालय-संचालकांनी
‘दूरदृष्टी’ हा शब्द निरनिराळ्या रंगांत लिहिला.
प्रमाणपत्र घेऊन मी केप कोस्टला परतले.

तोवर हरमटान सुटला होता.
वाळवंटाची धूळ पुस्तकांच्या माथ्यावर,
संगणकाच्या कळांमध्ये, माझ्या नव्या पाटीवर.
‘अराबा एसिल्फी’ धुळीत,
‘संचालक’ तेवढं कुणीतरी बोटानं लख्ख केलेलं.

पहिल्या बैठकीत मी तासभर बोलले.
बांधणी विभागाचे क्वामिना ॲकन
सरसाचा ब्रश हातात धरूनच बसले होते.
मी थांबले तेव्हा त्याची काडी झाली होती.

डिझेल महागलं म्हणून
वाचनकक्ष रात्री दहाला बंद. खाली माझी सही.
आकडे चोख होते.
आकड्यांना वसतिगृहात राहावं लागत नाही,
सहा-सहा जणींनी एका खोलीत.

आठवड्यानं उशिरा गाडीतून जाताना दिसलं:
बंद दाराबाहेर, पहारेकरी एबोच्या कंदिलाभोवती
पायऱ्यांवर तेरा मुलं.
कायदा, शुश्रूषा, खडकांचं काहीतरी.
एबो बोलला नाही.
कंदील जरासा वर धरला,
त्यांना दिसावं म्हणून, की मला,
कोण जाणे.

‘माझं चुकलं.’
शिबिराच्या जाड वहीत या दोन शब्दांना पान नव्हतं.
म्हणताना घशात सगळा हरमटान.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
देवघेवीच्या टेबलावरच्या आबा क्वान्साबाई
चष्मा पुसत म्हणाल्या,
‘बरं. मग रात्री बसणार कोण?’

मी बसते. मंगळवारी आणि शुक्रवारी.
मुदत वाढवताना तिसऱ्यांदा चुकीचं बटण दाबलं
तेव्हा एका मुलीनं विचारलं,
‘मॅडम, नवीन आहात का?’
म्हटलं, हो. नवीनच.

जर्नल्सची यादी अजून टेबलावर आहे.
चाळीस वगळायची, मार्चच्या आत.
प्राध्यापक दात खाऊन आहेत,
कोषाधिकारी फोन उचलत नाहीत.
या वेळी आधी ॲकनना विचारलं.
बोटावरचा वाळलेला सरस सोलत ते म्हणाले,
‘जे झिजून माझ्याकडे कधी आलंच नाही,
ते उघडलंय कुणी?’
मला उत्तर सुचत होतं. मी ते गिळलं,
कारण ते अजून बोलणार होते.
ब्रश ओला होता.

काल अकराला वीज गेली.
जनरेटर धापा टाकत जागा होईपर्यंत
अंधारात एकही खुर्ची सरकली नाही.
मी चाचपडत तिसऱ्या खिडकीशी गेले.
तिची कडी लागत नाही, सगळी धूळ तिथूनच येते.
खालून गुडघा टेकायचा
आणि चौकट स्वतःकडे ओढून दाबायची.
एबोनं दाखवलंय.