बॅटरी उचलणारा

मी वाजवत नाही.
मी बॅटरी उचलतो.
जुन्या ट्रकची, बारा व्होल्टची,
जिच्या आम्लानं माझे तीन सदरे खाल्ले.
तिच्यावर अँप्लिफायर चालतो, अँप्लिफायरवर जाजेची गिटार,
आणि गिटारवर, म्हणे, आमच्या गावाचं नाव.

गावाचं नाव काय.
हा प्रश्न नाही, नावच तसं आहे: काय.
सेनेगल नदीच्या काठी, मालीच्या पश्चिम टोकाला,
एप्रिलात जिथं कोंबड्यासुद्धा
रेल्वेच्या बंद डब्यांखाली
सावलीबरोबर सरकत राहतात.

जाजे तिथंच फिटर होता. गाड्या थांबल्या, पाना हातात राहिला.
गिटारची सगळ्यात जाड तार त्यानं सायकलच्या ब्रेकची लावलीय,
घशात खडा अडकल्यासारखी बोलते.
नियुमा गाते,
भोपळ्याच्या उपड्या कवचावर तळव्यांनी ताल धरते.
ती गाणाऱ्यांच्या घराण्यातली,
लोकांच्या सात पिढ्या तिच्या जिभेवर.
तो शेतकऱ्याचा; त्याच्या बापानं पहिली गिटार विहिरीत टाकली.
दुसरी टाकायला गेला तेव्हा विहीर आटली होती.

एकदा एक गोरा पाहुणा आला, गळ्यात हेडफोन.
म्हणाला, हे तर ब्लूज, हे मिसिसिपीचं.
नियुमानं विचारलं, नदी आहे का ती?
आहे.
मासे?
आहेत.
मग असेल, ती म्हणाली,
नदीकाठची माणसं अशीच रडतात, भांडी घासता घासता.

पण नुसतं ब्लूजच कशाला?
जाजेच्या डाव्या हातात क्यूबाचा नाच आहे,
स्टेशनमास्तरच्या चरे पडलेल्या तबकड्यांतून उतरलेला.
जमैकाचा एक ठेका आहे,
जो हरवल्याचं सोंग करतो आणि बरोब्बर दारात सापडतो.
आणि नियुमाची एक तान तर सरळ
उघड्यावरच्या टॉकीजमधल्या हिंदी सिनेमाची:
शब्द तिला येत नाहीत,
हिरॉइन कुठं रडते ते येतं.
कुणी टोकलं तर म्हणते, चोरलं नाही.
शेजारणीकडून विरजण आणतात, तसं आणलं.
दूध आमचंच.

मग ते बाकेलचं लग्न.
पाहुण्यांनी नोटा नियुमाच्या कपाळाला लावल्या.
रिवाजानं पैसा गाणारणीचा.
जाजे म्हणाला, निम्मा.
ती म्हणाली, तुझा आजा कुणाचं कौतुक गात होता, दाखव.

अकरा महिने बोलणं बंद.
वाजवणं चालू.
एकाच चटईवर, वीतभर अंतरानं,
आणि मध्ये मी:
सांग त्याला, तिसरी तार उतरलीय.
सांग तिला, तार नाही, कान उतरलाय.
मी दोन्हीकडं थोडी साखर घालून सांगायचो.
तारेचं तेवढं खरं सांगायचो.

परवा रात्री, मेदिनला, गाण्याच्या ऐन मध्यावर
बॅटरी गेली.
अँप्लिफायरनं एक उचकी दिली, बल्ब लाल होऊन विझला,
दोनशे माणसं अंधारात,
आणि सगळ्यांना ठाऊक, उचलणारा कोण ते.

जाजे थांबला नाही.
नुसत्या लाकडावर त्याची गिटार केवढी?
डासाएवढी.
नियुमानं तळवा सोडला, बोटांवर आली,
मग नुसत्या नखांवर.
आवाज इतका खाली नेला
की तो डास ऐकू यावा.
लोक पुढं झुकले. कुणाचं तरी मूल खोकलं
आणि त्याच्या आईनं त्याचा खोकला पदराआड घेतला.

तेव्हा, ओळ न मोडता, सुरातच,
तिनं म्हटलं:
जाजे, तिसरी. थोडी वर.

खुंटी पिळल्याचा आवाज आला.
मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

परतीच्या वाटेवर दोघं पुढं,
नोटांवरून भांडत, मोठमोठ्यानं, एकमेकांशी.
मी मागं, खांदा बदलत.
मेलेली बॅटरी भरलेल्याइतकीच जड असते,
लोकांना हे खरं वाटत नाही.