रावचें पडटा

जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी शेवटची फेरीबोट.
सुटायची वेळ फळ्यावर लिहिली आहे,
फळ्याचा रंग उडालाय, वेळेचाही.

मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.
आंतरराष्ट्रीय कायदा, प्रश्न दुसरा:
रूढी हे कायद्याचे उगमस्थान कसे ठरते? गुण दहा.

त्रेचाळीस मुलांनी एकच वाक्य लिहिलंय,
माझंच, जूनमधलं, माझ्या अडखळण्यासकट:
राष्ट्रे दीर्घकाळ एकसारखी वागतात
आणि तसे वागणे बंधनकारक आहे असे मानतात, तेव्हा.
‘मानतात’पाशी बहुतेकांची शाई संपली आहे.

चव्वेचाळिसावी उर्जिता फातर्पेकर. ती लिहिते,
मॅडम, करार दाखवता येतो, रूढी दाखवता येत नाही.
आमच्या बेतूलला रापण ओढताना
वाटेवरच्या परक्यानं दोराला हात लावला
तर त्यालाही वाटा.
बाबांना विचारलं, हे कुठे लिहिलंय?
म्हणाले, दोरावर.

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: संदर्भ?

इंजिन धडधडलं. इनासनं फळी अर्धी उचलली
आणि तशीच धरून ठेवली.
वरच्या वळणावर स्कूटरचा दिवा,
बांबोळीची दुसरी पाळी संपवून फिलू नर्स येत होती.
चार मिनिटं. कुणी घड्याळ पाहिलं नाही,
एक म्हातारा तेवढा खोकला.

उतरताना मी इनासला विचारलं,
रोज थांबतोस, सवयीनं?
त्यानं हात पुसले.
‘रावचें पडटा, बाय.’

रावतां, म्हणाला नाही. रावचें पडटा.
वीस वर्षं ज्या फटीत मी खडू झिजवला
ती या माणसानं एका क्रियापदात बुजवली.

आणि तरीही.
धक्क्यामागे व्हाइसरॉयची कमान उभी आहे.
याच पाण्यावरून एके काळी समुद्राचे परवाने निघाले.
कागद असेल तर गलबत तुझं,
नसेल तर गलबत, मिरी आणि माणसं आमची.
नाखवे वर्षानुवर्षं निमूट कागद घेत राहिले.
एकसारखं वागणं तर होतंच,
दीर्घकाळही होता.
मग तीही रूढी?
पुढे थंड देशातल्या व्यापाऱ्यांनी वकील लावून सिद्ध केलं
की समुद्र कुणाचाच नसतो,
आणि मग तोही वाटून घेतला.
कागद घेताना नाखवा मनात काय मानत होता
ते कुठल्याच दप्तरात नाही.
भीतीची आणि कर्तव्याची चाल
लांबून सारखीच दिसते.

सात गुण दिले. गठ्ठा बांधला.

पुढच्या आठवड्यात इनास रजेवर,
बदलीवर डिचोलीचा पोरगा.
वळणावर दिवा दिसला, भोंगा वाजला,
आणि फळी खाड्कन वर.
पाणी रुंद होत गेलं.
डेकवर एकदम कल्ला: रे, राव! राव रे!
अनोळखी माणसंसुद्धा ओरडली,
आदल्याच दिवशी बेटावर राहायला आलेला एकजण
तर सगळ्यात मोठ्यानं.

पोरगा वळला नाही.
‘का थांबू’ असं तो म्हणाला नाही.
‘फळ्यावर वेळ लिहिलीय’ असंही नाही.
खाली मान घालून एवढंच,
‘दिसलीच ना.’

तिचा दिवा अर्ध्या मांडवीवर पसरला होता.

म्हणजे नियम होता.
मोडणाऱ्यालाही खोटं बोलावं लागलं, इतका होता.
घरी येऊन मी गठ्ठा सोडला,
‘संदर्भ?’ खोडरबरानं पुसलं,
सातावर एक चढवला,
आणि कितीतरी वेळ स्वतःवरच खूश होऊन बसले.

फिलू त्या रात्री कुठे झोपली
हे मी अजून विचारलेलं नाही.