कानखडा

इथे मासा म्हणजे कॉडच.
बाकीच्यांना नावं आहेत, हेरिंग, केपलिन, फ्लाउंडर;
कॉडला नुसतं मासा म्हणतात,
घरच्या माणसाला कुणी आडनावानं हाक मारतं का?

लीअँडर पेनीच्या धक्क्यावर
हेस्टर टेबल मांडते: चाकू, चिमटा, कागदी पाकिटं.
डोकं उघडून कानातला खडा काढते,
भोपळ्याच्या बीएवढा,
मधोमध मोडून भिंगाखाली धरते.
उन्हाळा रुंद, हिवाळा बारीक,
खोडात असतात तशी वलयं.
"सहा वर्षांची. दोनदा अंडी घालून झालीत."
लीअँडर तिच्याकडे न बघता
हवेत दोन हातांनी माप धरतो:
"बाबांच्या वेळी सहा वर्षांची पोर एवढी असायची,
आणि तिला लग्नाची घाई नसायची."

बाबा हिवाळाभर जाळी विणायचे.
आस मोठा ठेवा, कायदा सांगायचा,
लहानांना जाऊ द्या, मोठ्यांना घ्या.
यात पाप कसलं?
सगळ्यांनी तेच केलं, वर्षानुवर्षं.
जो वाढला तो अडकला.
जो खुरटा राहिला, ज्यानं लवकर उरकलं,
तो आसातून पलीकडे गेला
आणि पलीकडे त्याचाच वंश झाला.
आपण नुसते पकडत नव्हतो, हेस्टर म्हणते,
निवडत होतो, बियाणं निवडतात तसं.
फक्त उलटं:
भरलेलं कणीस जात्याला,
पोचट पेरणीला.

मग एका जुलैत बंदी आली.
लीअँडर टोरंटोला छपरं घालायला गेला,
गुडघे घालवून परतला.
आता उन्हाळ्यात मोजके दिवस, माणशी पाच मासे.
पाच म्हणजे पहिले पाच. लागला तो ठेवायचा.
बरोबरच आहे ते,
नाहीतर लोक लहान मेलेला फेकतात, मोठ्याची वाट बघतात.

पण आज चौथ्या खेपेला म्हातारी आली.
उभी धरली तर लीअँडरच्या कमरेला लागेल अशी,
पाठीवर जुन्या दोऱ्याचा वळ.
हेस्टर होडीतच होती, मांडीवर फॉर्म.
तिला ठाऊक होतं, असल्या एकीची अंडी
दहा लहानींना भारी, आणि टपोरी.
तिला नियमही ठाऊक होता.
लीअँडरनं गळ सोडवला,
लहान मुलाचा हलता दात काढावा तसा.
पाण्यात धरून ठेवली, कल्ले चालू होईपर्यंत.
"किती वर्षांची असेल?"
"खडा काढल्याशिवाय कळत नाही."
"मग नको कळायला."

पाणी मिटलं.
फॉर्मवर चौथी ओळ रिकामी.
हेस्टरनं पेन्सिल दातांत धरली, बराच वेळ,
मग लिहिलं:
ढगाळ. वारा नैर्ऋत्येचा.

पुढच्या खेपेला दीड वितीचा आला.
तो ठेवला.